भीतीच्या नावावर सातबारा होत नाही

गेल्या काही वर्षांत एक युक्तिवाद आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो व्याख्यानांत ऐकू येतो, लेखांत वाचायला मिळतो, आणि आमच्या तळेगाव-देहूरोड पट्ट्यातल्या निवृत्त फौजींच्या गप्पांत तर त्यावर कुणी वादही घालत नाही. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये मोडला आणि रशियाव्यतिरिक्त चौदा नवे देश जन्माला आले. या देशांनी कुणाशी मैत्री करावी आणि कुणाच्या लष्करी गटात जावं, यात रशियाचा शब्द चालला पाहिजे. कारण त्याच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. युक्रेनने तो शब्द मानला नाही, म्हणून त्याच्यावर ही वेळ आली. इतकं बोलून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: भारतानेही नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव यांना असंच धाकात ठेवलं पाहिजे. मोठा देश असाच वागतो.

हा युक्तिवाद मला मुळातच चुकीचा वाटतो. तो मावळात बसून कुणी मांडला तर फारच खटकतो, कारण तो याच मातीवर एकदा वापरला गेला आहे. त्याचे परिणाम आपल्या लोकांनी भोगले आहेत. वडगावला दरवर्षी जानेवारीत आपण विजयाची आठवण काढतो. महादजी शिंद्यांचं नाव घेतो, इंग्रजांची फौज कशी कोंडली ते सांगतो. पण ती फौज खंडाळ्याचा घाट चढून आलीच कशाला, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. ती सुरक्षेच्या नावाखाली आली होती.

१७७४ साली पुण्यातलं सरकार अगदी कच्चं होतं. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झालेला. बारभाईंनी राघोबादादाला बाजूला सारून कारभार हातात घेतला होता, आणि ज्याच्या नावाने कारभार चालायचा तो सवाई माधवराव त्या एप्रिलमध्ये पुरंदरावर जन्मला होता. तो जेमतेम चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मराठी राज्य जुनं होतं, पण ते सरकार नवं होतं. मोठी सत्ता शेजाऱ्याकडून सुरक्षेची हमी मागते ती नेमक्या अशाच वेळी. शेजारचं घर बळकट असेपर्यंत तिला ही चिंता सतावत नाही. १९९१ नंतरच्या देशांची अवस्था अशीच होती: कालपरवा तयार झालेली सरकारं, रिकामे खजिने आणि दुसऱ्याच कुणाच्या तयारीने उभं राहिलेलं सैन्य.

मुंबईकर इंग्रजांचा डोळा साष्टी आणि वसईवर फार आधीपासून होता. मुंबई हे बेट. त्याच्या पोटाची सोय आणि त्याच्या बंदराची नाकेबंदी दोन्ही समोरच्या किनाऱ्याच्या हातात. तेव्हा हवं होतं ते आधीच ठरलेलं होतं, निमित्त तेवढं शोधायचं होतं. पहिलं निमित्त पोर्तुगिजांचं मिळालं. पोर्तुगिजांचं आरमार गोव्याला आलं आहे, ते आपली गेलेली साष्टी परत घेणार, त्यांनी घेतली तर मुंबईचं काय, असं म्हणून डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकरांनी स्वतःच ठाण्याचा किल्ला घेतला. ज्यांच्याशी तह होता त्या पुण्याच्या मालकीचा किल्ला, पोर्तुगिजांच्या भीतीने घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबाशी करार करून त्यावर सही-शिक्का करून घेतला: तुम्हाला पेशवाईवर बसवतो, साष्टी-वसई आमची.

पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठांनी हा करार मोडीत काढला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला, त्यात राघोबाची पाठराखण सोडण्याचं कबूल केलं गेलं. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. आणि राघोबाला आसरा देणं मुंबईने थांबवलं नाही. मग १७७७ मध्ये दुसरं निमित्त चालत आलं. सां लुबँ नावाचा एक फ्रेंच माणूस चौलला उतरून पुण्यात आला. बारभाईंपैकी नाना फडणवीसांनी त्याचं स्वागत केलं. तो फ्रेंच राजाचा वकील म्हणून बोलत होता, सैन्य आणि दारूगोळा आणून देण्याची भाषा करत होता, बदल्यात चौलचं बंदर मागत होता. इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यातच बसलेला. त्याची पत्रं मुंबईला जात होती आणि मुंबईत खळबळ उडत होती.

इथे मी समोरच्या बाजूला जे द्यायचं ते पुरतं देतो. इंग्रजांची भीती खोटी नव्हती. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकन बंडखोरांच्या बाजूने उतरला आणि इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटलं. त्या जुलैमध्ये कलकत्त्याने फ्रेंचांचं चंद्रनगर घेतलं. फ्रेंच आरमाराला चौलसारखं बंदर मिळालं असतं तर मुंबईला खरोखर धोका झाला असता. चौल मुंबईपासून समुद्रमार्गे किती जवळ आहे हे रेवदंड्याला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तेव्हा कंपनीला चिंता होती का, या प्रश्नाचं उत्तर होय असंच आहे. रशियाला नाटोची चिंता आहे का, याचंही उत्तर मी होय असंच देईन. नेपोलियन आणि हिटलर ज्या सपाटीवरून आले ती सपाटी ज्या देशाच्या पश्चिमेला आहे, त्याने पश्चिमेकडे डोळे लावून बसावं यात नवल नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. मला भीती वाटते, म्हणून तुझ्या घराचा कारभारी मी ठरवणार, हे कसं सिद्ध होतं? शेजाऱ्याची जमीन आपल्याला धोक्याची वाटते म्हणून तलाठ्याकडे जाऊन तिच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवता येत नाही. मावळात जमिनीचे भाव वाढल्यापासून बांधाचे तंटे घरोघर आहेत. इथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आणि तारखा पाहिल्या की सुरक्षेचा हा दावा किती पोकळ होता ते उघड होतं. नानांनी जुलै १७७८ मध्ये सां लुबँला पुण्यातून निरोप दिला. मनात पुढचे काही बेत असतील, पण माणूस गेला, फ्रेंच पलटण आली नाही, चौल कुणाला मिळालं नाही. इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली ती नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ज्याच्या भीतीने मोहीम काढली तो पुण्यात नव्हताच. तरी मोहीम निघाली. कारण मोहिमेचा उद्देश फ्रेंचांना हाकलणं हा नव्हताच, राघोबाला पुण्यात बसवणं हा होता.

२०१४ मध्ये हेच घडलं. युक्रेनने २०१० साली कायदा करून आपण कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही असं ठरवलं होतं. सेवास्तोपोलचं बंदर रशियाच्या काळ्या समुद्रातल्या आरमाराला भाड्याने दिलेलं होतं आणि त्याच साली त्या कराराची मुदत २०४२ पर्यंत वाढवून दिली होती. रशियाला आरमारासाठी जे हवं होतं ते कागदावर, सहीनिशी, तीसेक वर्षांसाठी मिळालेलं होतं. क्रिमिया घेतला गेला तेव्हा तो अलिप्ततेचा कायदा अंमलात होता. युक्रेनच्या संसदेने तो रद्द केला क्रिमिया गेल्यानंतर, त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये. नाटोमुळे क्रिमिया घ्यावा लागला असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट लावून पाहावा. बिघडलं होतं ते कीव्हमधलं सरकार. मॉस्कोच्या मर्जीतला राष्ट्राध्यक्ष पळून गेला होता, त्याच्या जागी दुसरे आले होते. पुण्यात राघोबाच्या जागी नाना आले, तसं.

आता मावळात काय झालं ते. एगर्टनच्या हाताखाली सुमारे ३,९०० माणसांची फौज, बरोबर राघोबा, आणि सामान ओढायला १९,००० बैल. पनवेलला उतरून, खोपोलीवरून घाट चढून ती खंडाळ्याला आली. तिथून पुढे चाल दिवसाला जेमतेम मैलभर. मराठी फौज समोर उभी राहून लढत नव्हती. डोंगरांच्या कुशीतून, ओढ्यांच्या काठांवरून तोफा डागायची आणि मागे सरायची. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांना त्याच्या धाडसाचं एवढं कौतुक की त्याचं नाव इष्टुर फाकडा म्हणून आजही घेतलं जातं, आणि वडगावात त्याची समाधी आहे. शत्रूच्या शौर्याला मान देणारे हे लोक होते. फौज ९ जानेवारीला तळेगावला पोचली. तळेगाव जळत होतं.

ते इंग्रजांनी जाळलं नव्हतं. आपल्याच माणसांनी जाळलं होतं, शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून. पुढे चिंचवड जाळायची तयारी होती, आणि वेळ आली तर पुणेही. तळेगावचा बाजार, तिथली घरं, जानेवारीचं धान्य भरलेल्या कणगी. सुगीचे दिवस होते ते. मावळातला भात नुकताच झोडपून घरात आलेला असतो त्या महिन्यात. राघोबा पेशवा व्हावा की नाना कारभारी राहावेत, यात त्या घरांतल्या कुणाला विचारलं गेलं नव्हतं. मुंबई सुरक्षित राहावी म्हणून तळेगावचा भात जळला. महासत्तेच्या सुरक्षेची गोष्ट नकाशावर सांगितली जाते, आणि नकाशावर तळेगावसारख्या गावाचा ठिपकाही नसतो. म्हणून मला ती नेहमी अपुरी वाटते. मारियुपोलचं नाव आपल्याला २०२२ च्या आधी माहीत नव्हतं. जे शहर नव्वद टक्के रशियन बोलायचं असं सांगितलं जातं, तेच रशियन तोफांनी उद्ध्वस्त केलं.

११ जानेवारीच्या रात्री इंग्रज फौजेने माघार घेतली. जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या, सामान जाळलं, आणि अंधारात मागे फिरली. पण महादजी आणि बाकीच्या सरदारांनी वडगावला तिला चारही बाजूंनी घेरलं. १६ जानेवारीला तह झाला: १७७३ पासून घेतलेला मुलूख परत, साष्टीसकट, बंगालहून निघालेली फौज मागे बोलवायची, दोन अधिकारी ओलीस. राघोबा आधीच महादजींच्या स्वाधीन झाला होता. बदल्यात फौजेला मुंबईला जाऊ दिलं. कापून काढता येण्याजोगी फौज शब्दावर सोडून दिली.

फौज मुंबईला पोचल्यावर कंपनीने तह नाकारला. कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जनेही नाकारला. आमच्या अधिकाऱ्यांना असा करार करायचा हक्कच नव्हता, असं सांगितलं गेलं आणि बंगालहून निघालेली ती गॉडार्डची फौज पुढे पाठवली. या घटनेकडे फक्त इंग्रजांचा विश्वासघात म्हणून पाहणं मला पुरेसं वाटत नाही. सुरक्षा हा ज्याचा सर्वोच्च हक्क, त्याच्यावर कुठलाच तह बंधनकारक राहू शकत नाही, हे त्यातून दिसतं. उद्या परिस्थिती बदलली, भीती वाढली, की कागद फाटतो. आणि भीती वाढली की नाही हे ठरवणारा तोच. युक्रेनजवळ सोव्हिएत काळातली सुमारे १,९०० मोठी अण्वस्त्रं होती. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनच्या सीमा मान्य केल्या, त्यांच्यावर बळ वापरणार नाही असं लिहून दिलं, आणि युक्रेनने ती अस्त्रं रशियाच्या हवाली केली. वीस वर्षं टिकला तो शब्द. वडगावचा दोन महिनेही टिकला नव्हता, एवढाच काय तो फरक.

माझ्या बोलण्यावर पहिला आक्षेप येतो क्यूबाचा. अमेरिकेने क्यूबात रशियन क्षेपणास्त्रं चालवून घेतली का? नाही घेतली. पण त्या प्रसंगाचा शेवट कसा झाला ते आठवा. १९६२ च्या ऑक्टोबरात क्षेपणास्त्रं परत न्यायचं ठरलं, अमेरिकेने क्यूबावर स्वारी न करण्याचं वचन दिलं, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं गाजावाजा न करता काढून घेतली. हवानात कास्ट्रोच राहिला. म्हणजे तडजोड झाली ती शस्त्रांबद्दल, सरकारबद्दल नाही. सरकार बदलायचा प्रयत्न अमेरिकेने आदल्या वर्षी करून पाहिला होता, डुकरांच्या उपसागरात. तो फसला, आणि त्याच्याच धास्तीने कास्ट्रोने रशियन क्षेपणास्त्रं आणू दिली. क्यूबाचं उदाहरण समोरच्या बाजूला जितकं उपयोगी वाटतं तितकं ते नाही. ते माझ्या बाजूचं उदाहरण आहे.

दाबामुळे नको ती मैत्री पक्की होते, हे मावळच्या मोहिमेनंतरही दिसलं. इंग्रजांना भीती होती की पुणे कुणाशी तरी हातमिळवणी करेल. मोहिमेनंतर १७८० मध्ये नानांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एका सूत्रात बांधलं. ज्या हैदराशी आपण वर्षानुवर्षं लढलो तोच मित्र झाला. गॉडार्ड १७८१ च्या सुरुवातीला पुन्हा बोरघाटापर्यंत आला, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याची रसद तोडून तोडून त्याला एप्रिलमध्ये पनवेलला पळवलं. फिनलंडचं उदाहरण ताजं आहे. शीतयुद्धाची सगळी वर्षं जो देश कुठल्याही गटात गेला नाही, तो ४ एप्रिल २०२३ रोजी नाटोत गेला. रशियाची तेरा-चौदाशे किलोमीटरची सीमा एका सहीने नाटोची सीमा झाली. युक्रेनवर चाल करून रशियाने स्वतःच्या दाराशी आणलेला हा नाटो आहे.

पण या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद सालबाईचा आहे, आणि तो आपण विजयाच्या भाषणांत वगळतो. १७ मे १७८२ चा तह. इंग्रजांनी जिंकलेला बराच मुलूख परत दिला, राघोबाचा नाद सोडला; वरवर पाहता नानांचा आणि महादजींचा मोठा विजय. पण त्यात एक कलम होतं: पेशव्याने पोर्तुगिजांच्या जुन्या वखारी सोडून दुसऱ्या कुठल्याही युरोपीय राष्ट्राला आपल्या मुलखात वखार घालू द्यायची नाही आणि त्यांच्याशी मैत्रीचा व्यवहार ठेवायचा नाही. रणांगणावर जे मिळालं नाही ते कलमाने मिळालं. त्या दिवशी ते फारसं कुणाला खुपलं नसेल. फ्रेंचांशी तसाही काही व्यवहार उरला नव्हता. मग ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला सही केली: इंग्रजांच्या शत्रूराष्ट्रांचे युरोपीय नोकरीत ठेवायचे नाहीत, इतर सत्तांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत, आणि पुण्यात कंपनीच्या पलटणी, आपल्या खर्चाने. १८१८ च्या मार्चमध्ये प्रॉथरच्या फौजेने लोहगड आणि विसापूर घेतले. लोहगड नानांचा, तिथली बाव त्यांनी बांधवून घेतली, त्यांचा खजिना तिथे असे. विसापूरचे दरवाजे सुरुंग लावून उडवले गेले. आज पाटणच्या बाजूने चढताना ते पडलेले चिरे पायाखाली येतात.

सां लुबँच्या आगमनापासून विसापूरच्या दरवाज्यांपर्यंत एक्केचाळीस वर्षं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर इंग्रजांनी सुरक्षेचंच कारण दिलं. आधी फ्रेंच, मग टिपू, मग पेंढारी. प्रत्येक कारणात थोडंफार तथ्य होतं. आणि प्रत्येक कारण संपलं तेव्हा शेजारचं राज्य आदल्यापेक्षा लहान झालेलं होतं. ज्यांना वाटतं की महासत्तेच्या चिंता एकदा मान्य केल्या की ती शांत बसते, त्यांनी या एक्केचाळीस वर्षांत ती कुठल्या साली शांत बसली ते दाखवावं.

मराठे तरी कुठे वेगळे होते, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि तो मी झटकणार नाही. १७४२ पासून नऊ-दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगाल लुटला. तिथे बर्गी म्हणून आपलं नाव अजून मुलांना भीती घालायला घेतात. कलकत्त्याच्या लोकांनी आपल्या भीतीने शहराभोवती खंदक खणला. त्या बंगाली शेतकऱ्याच्या बाजूने मी आज उभा राहतो, तळेगावच्या शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो तसाच. तत्त्व आपल्याला सोसावं लागलं तेव्हाच आठवायचं असेल तर ते तत्त्व नव्हे.

रशियाबद्दल आपल्या मनात ओलावा आहे, तो मला परका नाही. मिर आणि रादुगाची स्वस्त, देखणी पुस्तकं वाचत आमची पिढी मोठी झाली. १९७१ च्या ऑगस्टचा करार, त्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेत रशियाने वापरलेले नकाराधिकार, हे ऋण खरं आहे. पण ते ऋण सोव्हिएत संघाचं, म्हणजे युक्रेनचंही. आणि १९७१ मध्ये आपण ज्या बाजूने उभे राहिलो ती बाजू कुठली होती? ज्याला वेगळं व्हायचं आहे त्याला वेगळं होऊ द्या, ही. त्या युद्धानंतर भारताने जे केलं त्याचा मला मावळातल्या कुठल्याही विजयाइतका अभिमान आहे. नव्याने स्वतंत्र झालेला शेजारी, त्याची राजधानी आपल्या सैन्याच्या ताब्यात, आणि तीन महिन्यांत, मार्च १९७२ मध्ये, आपलं सैन्य ढाक्यातून परत आलं. तळ ठेवला नाही, बंदर मागितलं नाही. महासत्ता असंच वागते म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जगात आणखी कुठे सापडतं ते शोधून पाहावं.

आपण नेहमी असे वागलो असं मात्र नाही. श्रीलंकेत आधी आपणच बंडखोरांना बळ दिलं, मग १९८७ मध्ये शांतिसेना पाठवली. १९९० मध्ये ती परत आली तेव्हा अकराशेहून अधिक जवान गमावून, आणि सिंहली-तमिळ दोघांचाही रोष घेऊन. २०१५ मध्ये नेपाळच्या सीमेवर महिनोन् महिने मालट्रक अडकले. आपल्या सरकारने नाकेबंदी केल्याचं नाकारलं, पण नेपाळमध्ये प्रत्येक चुलीला ती जाणवली, भूकंपाच्या वर्षात. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार केला. धाक दाखवून आपल्याला मिळालं काय? जे टाळायचं होतं तेच.

भूतानचा धडा याच्या उलट आहे, आणि सुरक्षेची खरी चिंता कशी सोडवायची ते त्यात दिसतं. आसामातले उल्फाचे आणि बोडो बंडखोर भूतानच्या जंगलांत तळ टाकून होते. ही कल्पनेतली भीती नव्हती. माणसं मरत होती. भारत थिंफूत आपल्या मर्जीतला राजा बसवायला गेला नाही. कित्येक वर्षं बोलणी केली, आणि डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या स्वतःच्या सैन्याने ते तळ उद्ध्वस्त केले. १९४९ च्या तहात भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने वागायचं असं कलम होतं, सालबाईच्या कलमाचंच भावंड. २००७ मध्ये आपण ते कलम स्वतःहून बदललं. दहा वर्षांनी डोकलामवर चिनी रस्ता आला तेव्हा भूतान आपल्या बाजूला उभा होता. २०१४ मध्ये बांगलादेशाबरोबरच्या सागरी हद्दीच्या वादात लवादाने वादग्रस्त पाण्याचा मोठा हिस्सा त्यांना दिला. आपण तो निकाल निमूट मानला. कुणी भारताला दुबळं म्हटलं नाही.

आमच्या लोणावळ्यातही हे रोज चालू आहे. आयएनएस शिवाजी १९४५ पासून इथे आहे. आपल्या नौदलाचे इंजिनीयर तिथे घडतात, आणि त्यांच्याबरोबर मित्रदेशांच्या नौदलांतली मुलंही शिकायला येतात. टर्बाइन कसं उघडायचं, कसं जोडायचं, हे ज्याच्या खांद्याला खांदा लावून शिकलं त्याच्याशी असलेली ओळख पुढे तो अधिकारी झाल्यावर आपल्या उपयोगी पडते. हिंद महासागरात भारताच्या शब्दाला जे वजन आहे त्यातलं कितीतरी अशा वर्गखोल्यांतून आलेलं आहे. मला सुरक्षा नको आहे असं नाही. ती अशी मिळते असं माझं म्हणणं आहे.

मोठ्या देशाला शेजाऱ्याकडे एक गोष्ट मागायचा हक्क नक्की आहे: तुझ्या जमिनीवरून माझ्यावर हल्ला होऊ देऊ नकोस. त्यासाठी बोलणी करावीत, मोबदला द्यावा, आपली सीमा डोळ्यांत तेल घालून राखावी, आणि हल्ला झालाच तर परतवावा. त्याच्यापुढे हक्क सरकत गेला, तुझा राजा कोण, तुझे मित्र कोण, तू कुठली भाषा शाळेत शिकवतोस इथवर पोचला, की ती सुरक्षा राहत नाही. आणि जे लोक नेपाळला धाकात ठेवा म्हणतात त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की आपल्या उत्तरेला आपल्याहून मोठा देश बसला आहे. धर्मशाळेत दलाई लामा आहेत, तवांगवर त्याचा दावा आहे, आणि त्यालाही सुरक्षेची चिंता वाटते. आज काठमांडूला जो नियम सांगाल तो उद्या बीजिंग दिल्लीला सांगेल. तेव्हा उत्तर द्यायला आपल्याकडे तत्त्व नसेल, फक्त पलटणी असतील.

शेवटचा आक्षेप नेहमी हाच येतो की हे सगळं ठीक, पण जग असंच चालतं. बळी तो कान पिळी. जग पुष्कळदा असं चालतं हे मला नानांइतकं कुणी शिकवलेलं नाही. कंपनीचं बळ त्यांना पुरतं कळत होतं. सालबाईचं कलम त्यांनी हसत स्वीकारलं नाही. तहावर शिक्कामोर्तब करायला सात महिने लावले, हैदर मेल्याची बातमी येईपर्यंत थांबले, कारण तोवर कंपनीवर दाब ठेवायचा एक हात शिल्लक होता. व्यवहार ओळखणं वेगळं आणि समोरच्याचा दावा खरा मानणं वेगळं. नानांनी दुसरी गोष्ट कधी केली नाही. ती केली राघोबाने, सुरतेला. आणि त्याच्या मुलाने, वसईला. बाजीराव जून १८१८ मध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांच्या नेमणुकीवर बिठूरला गेला. महासत्तेची चिंता समजून घेणाऱ्याला तिने दिलेला मोबदला तो एवढाच, आणि तोही त्याच्या एकट्याच्या हयातीपुरता.